आत्याची कच्ची यादी

वेबसाइटला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवायची, हे मी साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात इतक्या जणांना इतक्या वेळा ओरडून सांगितलंय, की माझ्यामागे लोक माझी नक्कल करतात. खालच्या मजल्यावर पत्र्याची झाकणं ठोकायचा कारखाना आहे. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे माझं ओरडणं जरा जास्तच लागतं. एकदा माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका बाईंनी प्रत न काढता एका दुकानाची अख्खी साइट उडवली. मी त्यांना सगळ्यांसमोर इतकं बोलले की त्या जिन्यात जाऊन रडल्या. मला वाईट वाटलं नाही. एवढं साधं काम ज्याला जमत नाही त्याने रडावंच, असं तेव्हा मला वाटत होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं. आणि मी प्रत काढली होती.

आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. कोकणातल्या बहुतेक गावांचं असतं. आजोबांची पिढी गिरणीत होती, तेव्हा एका खोलीत वीस जण राहायचे आणि मंडळ म्हणजे त्यांचं घरच होतं. गिरण्या गेल्या, माणसं भांडुप, मुलुंड, बोरिवली अशी पांगली, मंडळ राहिलं. मंडळाची वेबसाइट मी सांभाळते. देवळाच्या जीर्णोद्धाराचे फोटो, दहावी-बारावीत चमकलेल्या मुलांची यादी, सत्यनारायणाचं निमंत्रण, आणि वंशावळ. वंशावळीत प्रत्येक घरातले पुरुष सात-आठ पिढ्या मागेपर्यंत आहेत. बाई एकही नाही. वाचणाऱ्याला वाटावं, आमच्या गावात पुरुषांनाच मुलं होत होती.

हे आत्याला खुपत होतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आता निवृत्त आहे आणि मुलुंड पूर्वेला एकटी राहते. लग्न केलं नाही, त्यामुळे तिचं नाव जन्मापासून आजपर्यंत एकच. आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, साखर वाटायची, की जुनं नाव संपलं. त्या नावाने हाक मारणारे आईबाप, भावंडं गेली, की मग जगात ते नाव फक्त त्या बाईलाच ठाऊक असतं. आताच्या मुली बदलत नाहीत. पण आमच्या मंडळातल्या साठीपुढच्या एकूणएक बायकांचं बदललेलं.

आत्या घरोघरी जायला लागली. भांडुपला, घाटकोपरला, बस बदलत बदलत ट्रॉम्बेपर्यंत. तिची एक पद्धत होती. बाई स्वयंपाकघरात एकटी असेल तेव्हाच विचारायचं. तिने नाव सांगितलं की एका चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. मग त्या नावाने तिला एकदा मोठ्याने हाक मारायची. बाईने ओ दिली की झाली नोंद. काही जणी हसायच्या, काही जणी पदर डोळ्याला लावायच्या. एका म्हातारीने, आत्या सांगते, तीनदा हाक मारायला लावली. निघताना चिठ्ठी त्या बाईच्याच हातात द्यायची. कारण एका घरात सासऱ्याने आत्याच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या होत्या आणि आमच्या बायकांची नावं गावभर फिरवतेस म्हणून आरडाओरडा केला होता. तेव्हापासून कागद ज्याचा त्याच्याकडे. घरी आल्याबरोबर आत्या आठवणीतून ते नाव साइटवर टाइप करायची.

साइटवर, पण लोकांना दिसेल असं नाही. मंडळाचा नियम असा, की वंशावळीत जे जाईल ते वार्षिक सभेने मंजूर केलेलं हवं. तोपर्यंत कच्चं. आणि आत्याची यादी दरवर्षी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात ढकलली जायची. आयत्या वेळेपर्यंत लोक बटाटेवड्याच्या रांगेत गेलेले असायचे. अशी पाच वर्षं गेली.

तर या कच्च्या यादीसाठी मी आत्याला एक फोल्डर करून दिलं होतं. एक साधं पान केलं, त्यात ती लिहायची, सेव्ह दाबायची, की फाइल त्या फोल्डरात. फोल्डरला नाव काय द्यावं याचा मी एक क्षणही विचार केला नाही. अजून पक्कं नाही ना, म्हणून टीएमपी. टेम्पररी. आत्या त्याला टंप म्हणायची. "आज दोघी टंपात टाकल्या गो," असा तिचा फोन यायचा आणि मी ऑफिसातून हसून हं हं करायचे. त्या फाइल मी कधी उघडून वाचल्या नाहीत. माझ्या आईचं माहेरचं नाव मला ठाऊक होतं, त्यामुळे बाकीच्यांचंही कुणाला ना कुणाला ठाऊक असेलच, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी मात्र यादीला विषयपत्रिकेवर नंबर मिळाला. विषय क्रमांक चार. तो कुणी मिळवून दिला, तर भांडुपच्या काकांनी. हे आमच्या खालच्या वाडीतले, सख्खे नव्हेत, पण काकाच म्हणायचं. पाचही वर्षं सर्वांत जास्त विरोध यांचाच. "या जुन्या नावांचं आता काय लोणचं घालायचंय?" असं भर सभेत म्हणाले होते. मग त्यांची आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनी आत्याला फोन केला. आईने तुला नाव सांगितलं होतं म्हणे, ते काय होतं? आत्याने काय करावं? तिने सांगितलं नाही. म्हणाली, "सभेत वाचणार आहे. चारचौघांसमोर बोललास ना? आता चारचौघांसमोर ऐक." काका त्यावर चिडले नाहीत. त्यांनी अध्यक्षांना पत्र लिहिलं, विषयाला नंबर मिळवला आणि सभेची वाट बघत बसले.

सभा रविवारी दुपारी चार वाजता, मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलात. आत्याची यादी प्रोजेक्टरवर दाखवायची होती. आमची साइट जुनी, मोठ्या पडद्यावर अक्षरं एकमेकांवर चढायची. म्हणून त्या सकाळी नऊ वाजता, नाहूरच्या घरी, मी साइट नवी करायला बसले. आई आत कोलंबी सोलत होती.

हे काम मी काळ्या पडद्यावर करते. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. माऊसने ज्याला तास लागतो ते इथे दोन ओळींत होतं, आणि खरं सांगायचं तर कुणी बघत असलं की भाव खायलाही बरं असतं. पण इथे कचऱ्याचा डबा नसतो. नक्की पुसू का, असं मी लिहिते त्या हुकुमात कुणी विचारत नाही.

पहिली ओळ प्रतीची. साइटमधलं सगळं एका गाठोड्यात बांध, फक्त तीन फोल्डरं सोडून. कॅश, लॉग आणि टीएमपी. ही तीन सोडायची हे माझ्या बोटांना पाठ आहे, डोकं लागत नाही. कॅश आणि लॉग मशीन स्वतःच तयार करतं, आणि टीएमपीत काम करता करता सांडलेला चोथा असतो. त्याची प्रत कुणी काढत नाही. मी ऑफिसात शिकवतेसुद्धा, की गाठोडं उगाच फुगवू नका.

गाठोडं बांधलं. ते माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. उघडून बघितलं. वंशावळ होती, देऊळ होतं, दहावीची मुलं होती. सगळं जागच्या जागी. मग दुसरी ओळ टाइप केली, जुनं फोल्डर मुळासकट पुसायची. एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मग नवी साइट बसवली, जुना मजकूर गाठोड्यातून काढून तिच्यात भरला. साडेदहाला सगळं झकास चालत होतं. मी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि तीन काकांचे अंगठे आले.

पावणेअकराला आत्याचा फोन. "अगो, माझा टंप खंय गेला? पान कोरं दिसतंय. मी दहादा उघडलं."

अजून काही तपासलं नव्हतं, पण मला कळलं होतं. मी आत्याला म्हटलं, "थांब, दुरुस्ती चाललीय, जरा वेळाने बघ." सरळ खोटं बोलले. मग काळ्या पडद्यावर शोधायला लागले. गाठोड्यात नाही. नव्या साइटमध्ये नाही. जुनं फोल्डर तर मीच नाहीसं केलेलं. आत्या वापरते त्या टॅबलेटवर कालचं पान साठलेलं असतं, पण तिने दहादा उघडून तेही घालवलं होतं.

एक आशा होती. ज्यांच्या मशीनवर आमची साइट ठेवलेली आहे ती कंपनी आठवड्यातून एकदा स्वतःहून सगळ्याची प्रत काढते. मी त्यांच्या मदतकक्षाला फोन लावला. दहा मिनिटं सनई ऐकली. मग एक शांत आवाजाचा माणूस आला. मी भराभरा सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, पिछले संडे की कॉपी है. लेकिन आज बारह बजे नयी कॉपी चढ़ेगी उसके ऊपर." घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"रोको ना उसको," मी ओरडले.

"रोक नहीं सकते मॅडम. मैं अभी रिस्टोर पे डालता हूँ. चालीस मिनट पकड़ो. फोन मत काटना."

फोन स्पीकरवर ठेवून मी बसून राहिले. पडद्यावर टक्के चढत होते. चार. सात. सातवरच बराच वेळ. आई हात पुसत बाहेर आली, म्हणाली, "काय झालं? चेहरा का असा?" मी सांगितलं. तिला काळ्या पडद्यातलं काही कळत नाही, पण यादी म्हटल्यावर ती खाली बसली. "माझंही त्यात होतं," एवढंच म्हणाली. मी वैतागून म्हटलं, "तुझं मला ठाऊक आहे गं, तुझं कुठे जातंय." आई माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. मला माझी लाज वाटली, पण त्या वेळी तिच्यामागे जायला मी उठले नाही. बावीस टक्के झाले होते.

साडेअकराला चाळीस. फोनमधला माणूस मधून मधून हॅलो म्हणायचा आणि मी हॅलो म्हणायचे. पावणेबाराला ऐंशी. मी देवाला नवस बोलायला लागले, जी एरवी देव्हाऱ्यासमोर उभीही राहत नाही. बारा वाजायला सहा मिनिटं असताना शंभर झाले. मागच्या रविवारची साइट माझ्यासमोर आली. फोल्डरांची यादी मागवली. त्यात टीएमपी होतं. मी 'आलं!' म्हणून किंचाळले. आई आतून धावत आली.

फोल्डर उघडलं. आत काही नव्हतं.

"भैया, खाली है. फोल्डर खाली है."

"कौन सा मॅडम? टीएमपी?" पलीकडे कीबोर्ड वाजला. "टीएमपी का माल हम कॉपी में लेते ही नहीं. कोई नहीं लेता मॅडम. उसमें क्या रखा था आपने?"

बायका, असं म्हणणार होते. फोन ठेवला.

सभेला चार तास होते. आईने सांगितलं, "फोनवर सांगू नकोस. जा." मी रिक्षा केली. नाहूर ते मुलुंड असं कितीसं अंतर. त्या दिवशी मला ते आणखी लांब हवं होतं.

आत्याने सभेसाठी नारळी काठाची कडक साडी काढून पलंगावर ठेवली होती. मी दारातच सांगितलं. तिने विचारलं, "किती गेली?" मी म्हटलं, "सगळी." एखादा गो, खंय सोडला तर आत्या एरवी आमच्याशी मुंबईचंच मराठी बोलते. अख्खी मालवणी दोनच वेळी, म्हाताऱ्यांशी बोलताना आणि रागात. ती म्हणाली, "सगळ्या गावाचा गाठोडा बांधलंस, आणि माझ्या बायका तेवढ्या भायर ठेवलंस?"

मी म्हटलं, आत्या, चुकून. ती म्हणाली, "चुकून नाय. तुका त्या कचरो वाटल्या." मला भांडायचं होतं. फोल्डरचं नाव, धंद्याची पद्धत, कंपनीसुद्धा घेत नाही, सगळं तोंडाशी आलं होतं. पण बोलायला गेले आणि रडायलाच आलं. आत्याने समजूत घातली नाही. स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आली, त्याची मागची कोरी बाजू वर केली आणि चष्मा लावला.

"जित्या आहेत त्या सांगतील परत," ती म्हणाली. "चिठ्ठ्या आहेत त्यांच्याकडे. आधी मेलेल्या घेऊ."

पाच वर्षांत सतरा जणी गेल्या होत्या. आत्या डोळे मिटून एकेकीच्या घरी जायला लागली. आधी जिना, मग दार, मग ओटा कुठल्या बाजूला होता, बाई उभी होती की बसलेली, हातात काय होतं. ऑपरेटर असताना म्हणे तिला नुसत्या आवाजावरून माणूस ओळखता यायचा. तसंच करत होती. ओठ हलायचे, मनातल्या मनात हाक मारून बघायची, आणि जमलं की डोळे उघडून मला नाव सांगायची. मी लॅपटॉपवर लिहायचे, ती कालनिर्णयाच्या पाठीवर. आणि दर नावानंतर मी ते स्वतःला मेल करत होते, वेड्यासारखी.

तीनपर्यंत चौदा झाली. उरलेल्या तिघींपैकी एकीची धाकटी बहीण घाटकोपरला आहे, तिने फोनवर सांगितलं. दुसरीच्या सुनेने गणपतीच्या तसबिरीमागून चिठ्ठी शोधून फोटो पाठवला. राहिली एक. भांडुपच्या काकांची आई.

आत्या परत परत त्या घरी जात होती. "वर माळ्यावर हंडा होता. ती लसूण सोलत होती. हसली. म्हणाली, मार बघू हाक." आणि तिथे थांबायची. साडेतीन झाले. साडी अजून पलंगावरच. मी म्हटलं, आत्या, निघायला हवं. तिने चष्मा काढला. "तिने दिलेली ओ कानात आहे गं," ती म्हणाली. "मी हाक काय मारली तेच आठवत नाही."

थोड्या वेळाने म्हणाली, "तो विचारत होता तेव्हा सांगितलं असतं, तर निदान त्याच्याकडे राहिलं असतं. मला त्याची जिरवायची होती." पाच वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी तिला साडी नेसायला मदत केली.

हॉलात काका पहिल्या रांगेत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाजूला बायको, दोन्ही मुलगे, सुना. सबंध घर घेऊन आले होते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून झालं. विषय दोन, विषय तीन. अध्यक्षांनी चौथा विषय पुकारला आणि आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग."

मी माइकसमोर गेले. प्रास्ताविक वगैरे काही सुचलं नाही. म्हटलं, आत्याने पाच वर्षं जमवलेली यादी आज सकाळी माझ्या हातून पुसली गेली. मी प्रत काढली, पण त्यात ही यादी घेतली नाही. चूक माझी, आत्याची काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "वाट लागली." कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "मग हा विषय पुढच्या वर्षी आयत्या वेळी..." तेवढ्यात आत्या उठली. आयत्या वेळी नाही, आत्ताच, म्हणाली. गेलेल्यांची आम्ही लिहून आणलीत, जित्या आहेत त्यांनी उभं राहून आपापलं सांगा, माझी भाची लिहून घेईल.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागच्या रांगेतून पहिली उठली माझी आई. ती येणार आहे हेच मला माहीत नव्हतं. तिने आपलं नाव सांगितलं, एवढ्या मोठ्याने मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं, आणि बसली. मग दुसरी उठली. मग एकदम चार. काहींनी पर्समधून चिठ्ठ्या काढल्या. त्या दिवशी वडे गार झाले. जी नावं हाती होती तेवढी यादी हात वर करून मंजूर झाली, आणि ज्या आल्या नव्हत्या त्यांची मिळतील तशी जोडायची असं ठरलं.

काका हात वर करून थांबले होते. सगळे बसल्यावर उभे राहिले. "आमच्या आईचं?" त्यांनी मला विचारलं, आत्याला नाही. "गेलेल्यांचीही लिहून आणलीत म्हणता. तिचं वाचा ना."

"तेवढंच नाही, काका," मी म्हटलं.

मला वाटलं ओरडतील. मला तसं हवंही होतं. ते म्हणाले, "चिठ्ठी होती म्हणजे. मला माहीतच नाही. मी तिच्या साड्या तेराव्याला वाटून टाकल्या. घडीत असेल कुठल्यातरी." आणि खाली बसले. त्यांच्या बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी विषय क्रमांक पाच होईपर्यंत तिथेच माइकजवळ उभी होते, शेवटी कुणीतरी मला बाजूला नेलं.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी त्या बाईंची, ज्यांना जिन्यात रडवलं होतं त्यांची, माफी मागितली. त्यांना काही कळलं नाही. असो.

दीड महिन्याने काका मुलुंडला आत्याकडे आले. रविवारची दुपार, मी आत्याच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून नव्याने मिळालेली नावं जोडत होते. काका आईच्या माहेरच्या गावी जाऊन आले होते. घर पडलेलं, भाऊबंद कुणी नाही. शेजारची एक आजी सापडली, नव्वदीची. तिने एक नाव सांगितलं होतं. काका ते खिशातल्या कागदावर लिहून घेऊन आले होते. "असंच काहीतरी होतं, म्हणते," ते म्हणाले. "नक्की नाही सांगत. पण जमतंय. आईला शोभतंसुद्धा."

फार गोड नाव होतं. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. दीड महिना छातीवर बसलेलं उठणार होतं. आत्या काही बोलायच्या आत मी यादीतली त्यांच्या आईची ओळ उघडली आणि नाव टाइप केलं.

आत्याने ते नाव हळू उच्चारलं. डोळे मिटले. ओठ हलले. काका तिच्या तोंडाकडे बघत होते, शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसे. तिला फक्त हो म्हणायचं होतं. तिचं हो पडताळून बघणारं जगात आता दुसरं कुणी नव्हतं, आणि काकांना तेच ऐकायचं होतं, मलाही.

तिने डोळे उघडले. "ओ येत नाही," ती म्हणाली.

"आत्या," मी म्हटलं, "असू दे ना. काकांना बरं वाटेल."

"एकदा दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव तिने जन्मभर लावलं," आत्या म्हणाली. "आता मेल्यावर आपण परत तेच करायचं?"

काकांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. खिशातला कागद काढून त्याची घडी घातली, आणखी एक घातली. मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी लिहिलेली अक्षरं एकेक करून पुसली आणि त्यांच्या आईची ओळ रिकामी ठेवली.